टर्बो इंजिनातील दाबाची उसळी : तिची परीक्षा व तिचे नियमन

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, भिंगे व लोहचुंबक ठेवण्याच्या खणात, गेल्या हिवाळ्यापासून एक फुटका पिस्टन ठेविलेला आहे. शाळेचा एक माजी विद्यार्थी एके दिवशी सायंकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला, आणि मेजावर ठेवून म्हणाला, “सर, आपण आम्हांस वायूंचे नियम शिकविलेत. आता हा कशाने फुटला तेवढे सांगा.” त्याने कर्ज काढून एक जुनी टर्बो पेट्रोल मोटार घेतली होती. पुढे हौसेखातर एका गॅरेजात तिची शक्ती वाढवून घेतली, आणि दोन महिन्यांच्या आत इंजिन बसले. दुरुस्तीस त्याची वर्षभराची शिल्लक खर्ची पडली. दुरुस्ती होऊन मोटार चालू झाली खरी. परंतु कारण न कळल्यामुळे दुसरा पिस्टनही त्याच वाटेने जाईल, ही धास्ती त्याच्या मनातून जाईना.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आम्हा दोघांचे तीन रविवार गेले. त्यातून जे समजले ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, असे योजिले आहे. विषय यंत्राचा असला तरी तो आपणांपासून दूरचा नव्हे. चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. रांजणगाव येथे टाटांची नेक्सॉन तयार होते. अशा कारखान्यांतून बाहेर पडलेल्या टर्बो इंजिनांच्या मोटारी येरवड्याच्या प्रत्येक आळीत उभ्या दिसतात. ज्या वस्तूचा आपण रोज उपयोग करितो, तिचा स्वभाव ठाऊक असणे बरे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते ते हवेच्या साहाय्याने. सिलिंडरमध्ये जितकी हवा अधिक, तितके पेट्रोल अधिक जाळता येते व तितकी शक्ती अधिक मिळते. साधे इंजिन आपल्याच श्वासाने हवा ओढते. टर्बो त्यास हवा दाबून भरविते. हे काम करण्यास लागणारी शक्ती टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरापासून घेतो. तो धूर एका लहानशा चक्रास फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठविते. लहान मोटारींच्या टर्बोचा दांडा मिनिटास दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा दाब अधिक मिळतो, त्यास ‘बूस्ट’ असे नाव आहे.

ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूकी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या पर्वतावर नेऊन, तेथील विरळ हवेतही टर्बोमुळे त्याची शक्ती टिकते, हे सिद्ध केले. सामान्य मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेतच. त्यांपैकी ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीची गोष्ट बोधप्रद आहे. दाबामुळे इंजिनास इजा होऊ नये म्हणून तीत पाणी व मेथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची योजना होती. मिश्रणाची टाकी रिकामी झाली की दाब आपोआप मर्यादित होई. पुष्कळ मालक टाकी भरावयास विसरत, आणि मग मोटारीस शक्ती नाही म्हणून तक्रार करीत. शक्ती सर्वांस हवी असते; तिच्याबरोबर येणारी शिस्त मात्र पुष्कळांस नकोशी वाटते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. टर्बोच्या रचनेत एक चक्र दडलेले आहे. धूर वाढला की टर्बो जोराने फिरतो. तो जोराने फिरला की हवा अधिक येते. हवा अधिक आली की इंधन अधिक जळते. आणि इंधन अधिक जळले की धूर आणखी वाढतो. हे चक्र मोकळे सोडले तर दाब चढतच जाईल. यास्तव टर्बोस एक दार ठेविलेले असते. दाब ठरलेल्या मर्यादेस पोहोचला म्हणजे ते उघडते, आणि काही धूर चक्रावर न जाता बाजूच्या वाटेने निघून जातो. या दारास ‘वेस्टगेट’ म्हणतात. आमच्या भाषेत त्यास सांडव्याचे दार म्हणावयास हरकत नाही.

सांडवा हा शब्द मी मुद्दाम योजिला आहे, कारण पुणेकरांस या गोष्टीचे उत्तम उदाहरण घरचेच आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी आपण जी मुळा-मुठा पाहतो, तिच्यातील मुठेचे पाणी खडकवासल्याकडून येते. तेथील तलावात पाण्याचा साठा वाढविण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला होता. पुण्याच्याच सायन्स कॉलेजातून १८८३ साली अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविण्याची युक्ती काढिली, आणि १९०३ साली ती दारे खडकवासल्यास बसली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की दारे आपोआप उघडत. पातळी उतरली की आपोआप मिटत. पाणीच दार उघडी व पाणीच मिटी. या योजनेतील मर्म हे, की साठा वाढविताना जादा पाण्यास वाट देण्याची सोयही त्यांनी त्याच वेळी केली. दार न देता नुसती भिंत उंच करणे, हे अभियंत्याचे काम नव्हे. आमच्या विद्यार्थ्याच्या मोटारीत नेमके हेच घडले होते. पण ते पुढे सांगतो.

टर्बोचे दार कसे उघडते तेही पाहिले पाहिजे. दारास एक दांडी जोडलेली असून ती एका लहान डबीतून येते. डबीत रबरी पडदा व त्यामागे स्प्रिंग असते. टर्बोने दाबलेल्या हवेचा थोडा अंश एका नळीने या डबीत येतो. दाबाने स्प्रिंगवर मात केली की पडदा सरकतो, दांडी ढकलली जाते व दार उघडते. येथपर्यंत हे खडकवासल्याच्या दारासारखेच आहे. परंतु नुसत्या स्प्रिंगवर भिस्त ठेविली तर एकच दाब मिळतो. म्हणून नळीच्या वाटेवर एक विजेवर चालणारी झडप बसवितात. तिचे नाव सोलेनॉइड. मोटारीतील संगणक तिला सेकंदास अनेक वेळा उघडमीट करावयास लावून डबीकडे जाणारा थोडा दाब मधल्यामध्ये सोडून देतो. डबीस कमी दाब भासतो, दार उशिरा उघडते, आणि बूस्ट स्प्रिंगच्या मर्यादेपेक्षा वर नेता येतो. थोडक्यात सांगावयाचे तर, संगणक दारास मुद्दाम थोडे फसवितो. किती वेळ फसवावयाचे, याचे कोष्टक संगणकात असते. त्यास ‘मॅप’ म्हणतात, व ते बदलण्यास ‘रीमॅप’ म्हणतात.

दार वेळेवर उघडले तर दाब ठरलेल्या रेषेवर येऊन थांबतो. परंतु टर्बोचे चक्र वेग घेत असते. त्यास जडत्व आहे. नळीतून दाब पोहोचावयास, पडदा सरकावयास, दार उघडावयास क्षणभर लागतो. तो क्षण लांबला की दाब रेषा ओलांडून वर उडी घेतो व मग खाली येतो. हीच दाबाची उसळी. गॅरेजात तिला ‘बूस्ट स्पाइक’ म्हणतात. नळाखाली बादली ठेवून पाणी काठाशी आल्यावरच जो तोटीकडे धावतो, त्याच्या घरात पाणी सांडावयाचेच.

ही उसळी अर्ध्या सेकंदाची असते, मग तिचे एवढे भय कशास, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे गणित करू. आमच्या विद्यार्थ्याच्या मोटारीस कारखान्याने ०.८ बार बूस्ट ठरवून दिला होता. शक्ती वाढविणाऱ्याने तो १.२ बार केला. प्रत्यक्षात उसळी १.६ बारपर्यंत जात होती. पुण्याच्या हवेचा स्वतःचा दाब सुमारे ०.९५ बार आहे. तो मिळविला तर इंजिनास भरविलेला एकूण दाब मूळचा १.७५, वाढविलेला २.१५ आणि उसळीच्या वेळचा २.५५ बार होतो. म्हणजे उसळीत तो मूळच्यापेक्षा जवळजवळ ४६ टक्के अधिक. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदास २५ स्फोट होतात. अर्ध्या सेकंदात प्रत्येक पिस्टनवर असे १२ तरी आघात बसले. मोटार दिवसातून वीस वेळा जोराने पळविली तर महिन्याचा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा.

त्यातही खरा शत्रू निराळाच आहे. हवा फार दाबली की ती फार तापते. मग ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथील मिश्रण आपोआप भडकते, आणि इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यास ‘नॉकिंग’ म्हणतात. संगणकास त्याची चाहूल लागली तर तो ठिणगी उशिरा पाडून बचाव करितो. परंतु उसळी इतक्या वेगाने येते की बचाव होण्यापूर्वी काही आघात बसून जातात. आमच्या कपाटातील पिस्टन पाहावा : वरच्या दोन रिंगांच्या खाचांमधील कड तुटून गेली आहे. ती एका दिवसात तुटलेली नाही. पुष्कळ लहान आघातांनी तुटली आहे.

आता परीक्षा कशी करावी ते सांगतो. यात पहिला नियम असा, की दाब वाढला एवढ्यावरून सर्व रोग एकच समजू नये. दाबाची कालाप्रमाणे होणारी रेषा कागदावर काढून पाहावी, आणि तिच्या आकारावरून निदान करावे. रेषा प्रथम वर उडून मग ठरलेल्या जागी स्थिरावत असेल, तर दार उशिरा उघडते आहे. इंजिनाचे फेरे वाढतील तसतसा दाबही हळूहळू चढत राहात असेल, तर दार वेळेवर उघडते, पण धुराच्या मानाने ते अपुरे आहे. यास उसळी न म्हणता चढ म्हणावे. रेषा करवतीच्या दातांसारखी वरखाली होत असेल, तर संगणक दार अतिउत्साहाने उघडमीट करीत आहे. आणि दाब कोठेही न थांबता सरळ वर जात असेल, तर डबीची नळी निघाली, फुटली अथवा दार गंजून अडकले, असे समजून मोटार तत्काळ थांबवावी. चार आकार, चार रोग, व त्यांचे उपायही चार.

दुसरा नियम, मापकावर विश्वास ठेवण्यापूर्वी मापकाचीच परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली असता, आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखविला पाहिजे. येथे पुष्कळांची फसगत होते. पुस्तकात हवेचा दाब १०१ किलोपास्कल लिहिलेला असतो, तो समुद्रकाठचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे तो ९५ च्या आसपास, आणि महाबळेश्वरास ८६ च्या आसपास भरतो. आमच्या विद्यार्थ्याने ९५ हा आकडा पाहून सेन्सर बिघडला असे ठरविलेच होते, व नवा आणावयास निघाला होता. शाळेतील वायुभारमापकाचा आकडा दाखविल्यावर त्याचे ते पैसे वाचले. त्याचप्रमाणे एखादा मापक एकूण दाब दाखवितो की केवळ बाहेरच्या हवेवरचा वाढीव दाब दाखवितो, हे पाहिल्याखेरीज दोन मापकांची तुलना करू नये.

हवामानाचाही विचार करावा लागतो. डिसेंबरच्या पहाटेस १२ अंश तापमानाची हवा एप्रिलच्या दुपारच्या ३८ अंश हवेपेक्षा सुमारे ९ टक्के दाट असते. उन्हाळ्यात जी उसळी जेमतेम दिसते, ती थंडीत स्पष्ट होते. आमच्या विद्यार्थ्याची मोटार पावसाळा संपल्यावर बदलली गेली, आणि पिस्टन फुटला तो ऐन थंडीत, हा योगायोग नव्हता.

तिसरा नियम, ही परीक्षा हमरस्त्यावर करू नये. १९ मे २०२४ रोजी रात्री आपल्या शेजारच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणास मुकले, ही गोष्ट या भागातील कोणीही विसरलेला नाही. मोटार जागच्या जागी उभी ठेवून तिची चाके रोलरवर फिरविण्याचे यंत्र असते. त्यास ‘डायनो’ म्हणतात. त्याचे भाडे पडते, पण ते सर्वांत स्वस्त भाडे होय. आम्ही सर्व मापने त्यावरच, एका जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली केली. मोटार तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून, २,००० फेऱ्यांपासून पुढे पूर्ण दाबून, संगणकातून सहा गोष्टी टिपून घेतल्या : इंजिनाचे फेरे, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, सोलेनॉइडला दिलेली आज्ञा, ठिणगीची वेळ व आत जाणाऱ्या हवेचे तापमान. रेषा काढली ती पहिल्या प्रकारची निघाली : १.६ बारपर्यंत उडी, मग अर्ध्या सेकंदात १.२ वर स्थिर. वरच्या फेऱ्यांवर चढ नव्हता. म्हणजे दार पुरेसे होते, केवळ उशिरा उघडत होते.

उशीर कोणाचा? येथे चौथा व सर्वांत महत्त्वाचा नियम लागू होतो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मुलांस प्रयोगशाळेत आम्ही हाच नियम शिकवितो, आणि तो त्यांस कंटाळवाणा वाटतो. तथापि निदान त्याच्याखेरीज होत नाही. प्रथम आम्ही सोलेनॉइडला वाटेतून वगळून टर्बोची नळी थेट डबीस जोडिली. आता संगणकाची फसवणूक संपली, व दार केवळ स्प्रिंगच्या अधीन राहिले. या स्थितीत उसळी राहिली तर दोष यंत्राच्या अंगात. नाहीशी झाली तर दोष सोलेनॉइडच्या वाटेत किंवा मॅपमध्ये. डबीची स्प्रिंग ०.५ बारची होती, पण दाब ०.७५ वर जाऊन थांबला. हातपंपाने डबीत हवा भरून पाहिले, तेव्हा दांडी फार उशिरा हलू लागते असे दिसले. पूर्वीच्या कारागिराने दांडीची लांबी कमी करून स्प्रिंग प्रमाणाबाहेर ताणून ठेविली होती. थोडा ताण अवश्य असावा, नाही तर धुराच्या जोराने दार आधीच उघडेल. पण हा ताण फाजील होता. दांडी मूळच्या मापावर आणताच दाब ०.५ वर उसळीवाचून स्थिर झाला.

मग सोलेनॉइड पुन्हा जोडला. उसळी १.६ ची १.४५ झाली. आता नळीकडे लक्ष गेले. कारखान्याची नळी वीतभर लांबीची होती. तिच्या जागी शोभेसाठी निळ्या रंगाची, हातभर लांब, मऊ नळी बसविलेली होती, व तिच्यावरच फाटा काढून मापक जोडला होता. एवढी लांब व मऊ नळी दाबाने फुगते, आणि निरोप उशिरा पोहोचतो. नळी आखूड व कठीण घातली, मापकास निराळी वाट दिली, उसळी १.३५ वर आली. सोलेनॉइड काढून पाहिला. तो स्वच्छ होता व नीट उघडमीट करीत होता. शेवटी मॅप उघडला. त्यात दाब चढत असताना, म्हणजे २,००० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान, दार मिटून ठेवण्याची आज्ञा अगदी शेवटपर्यंत दिलेली होती. ती आज्ञा मर्यादेच्या बरीच आधी सैल करावयास लाविली. बूस्ट क्षणभर उशिरा मिळू लागला, पण उसळी १.२५ पर्यंतच राहिली. तीन लहान दोष होते. प्रत्येकाने थोडा थोडा उशीर केला, आणि तिघांचा मिळून एक पिस्टन फुटला.

मोटारीत फेरफार केल्यावर अशा उसळ्या अधिक का येतात, हे आता सहज समजेल. मोकळा सायलेन्सर व रुंद डाउनपाइप घातला की धुराचा अडथळा कमी होऊन टर्बो लवकर वेग घेतो. दारास मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. मोठा टर्बो घातला व दाराची वाट लहानच राहिली, तर चढ निर्माण होतो. हाताने फिरविण्याचा नियंत्रक बसविला तर तो डबीचा निरोप अडवून ठेवितो. प्रत्येक फेरफार शक्तीकडे पाहून केलेला असतो. दाराकडे कोणी पाहात नाही.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. वर सांगितलेली डबीची परीक्षा दाबाने उघडणाऱ्या दारापुरतीच खरी. काही मोटारींत दार निर्वात दाबाने ओढून धरिलेले असते. तेथे नळी निघाली तर बूस्ट वाढण्याऐवजी कमी होतो. काहींत दार विजेच्या मोटरने चालते. पुष्कळ डिझेल इंजिनांत दारच नसून चक्राभोवती फिरती पाती असतात. काजळीने ती अडकली म्हणजे उसळी येते, आणि तेथे पाती स्वच्छ करणे हाच उपाय होय. यास्तव आपल्या मोटारीची रचना आधी जाणून घ्यावी.

आता पालकांसाठी एक गोष्ट. पिस्टन फुटण्यापूर्वी महिनाभर त्या मोटारीने सूचना दिली होती. डॅशबोर्डवर दिवा लागत असे, मोटार एकाएकी मंद पडत असे, आणि संगणकात ‘पी ०२३४’ हा दोषांक नोंदला जाई. बूस्ट मर्यादेबाहेर गेला, असा त्याचा अर्थ. मुलाने गॅरेजात तक्रार केली, तेव्हा उसळी बंद करण्याऐवजी सूचनेची मर्यादा वर नेण्यात आली. दिवा लागेनासा झाला. रोगी बरा झाला असे समजून सर्वजण स्वस्थ बसले. प्रत्यक्षात केवळ त्याचे तोंड बंद केले होते. आमच्या घरांतही असे होते. मूल काही सांगू पाहते, ते ऐकणे अवघड असते म्हणून आपण त्यास गप्प करितो, आणि पुढे काही मोडले म्हणजे आश्चर्य करितो.

कायद्याचीही जाणीव असावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ वर्णनाशी न जुळेल असा फेरफार मालकास करिता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. हे सर्व वाचून दाखविल्यावर आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मी त्यास काहीच सांगितले नाही. पुढच्या रविवारी त्याने आपण होऊन मूळचा मॅप व मूळचा सायलेन्सर परत बसवून घेतला. अखेरची रेषा आम्ही काढली तेव्हा बूस्ट ०.८ वर चढला, व आखून ठेविल्याप्रमाणे तेथेच थांबला. “सर,” तो म्हणाला, “मोटार आता पूर्वीइतकी पळत नाही, पण आई मागे बसली की मला भीती वाटत नाही.”

शक्ती ही देवाची देणगी आहे, आणि ती वाढविण्याची इच्छा तरुणांस व्हावी यात गैर काही नाही. विश्वेश्वरय्यांनीही खडकवासल्याचा साठा वाढविलाच होता. परंतु त्यांनी प्रथम दाराचा विचार केला. बळाबरोबर संयमही वाढला पाहिजे, व तो वेळेवर पोहोचला पाहिजे. उशिरा आलेला संयम व पश्चात्ताप यांत फारसे अंतर नसते. विज्ञानाच्या तासास ज्या मुलांस तो पिस्टन हाती घेऊन पाहावयाचा असेल, त्यांनी अवश्य मागावा. तुटलेली कड मात्र धारदार आहे, जपून धरावा.